आयर्लंड वाचायला घेताय? १९१६ पासून सुरुवात नको

ईस्टरचा उठाव, म्हणजे १९१६चं डब्लिनमधलं ब्रिटिश सत्तेविरुद्धचं बंड, रंगतदार आहे, मान्य. पण आधी १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ नीट वाचा. करप्याने पीक गेलं, सुमारे १० लाख माणसं मेली, आणि तरीही बंदरांतून धान्य इंग्लंडला जातच होतं. मदतकार्याची सूत्रं हाती असलेला चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे आपल्याकडे मद्रासचा गव्हर्नर झाला, बरं का! मग १९१६ कडे या. डब्लिनकरांना उठाव सुरुवातीला फारसा रुचला नव्हता. उठावाचा एक नेता जेम्स कॉनली जखमी होता, त्याला खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या, अशा शिक्षांनी वारं फिरलं. १९१८च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने आयर्लंडमधल्या १०५ पैकी ७३ जागा घेतल्या. १९२२च्या यादवीला मात्र सवड काढा. ब्रिटनशी १९२१ साली झालेला तह मानणारे आणि धुडकावणारे, दोघांचं ऐकल्याशिवाय बाजू घेऊ नका.