साठ हजार पुस्तकं, पंचवीस ओळी
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी पायथन आणि पायसाइड ६ (विंडो बनवणाऱ्या क्यूटी या संचाचं पायथन रूप) वापरून पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिलाय. दाखल पुस्तकं ६०,००० च्या आसपास आहेत, सगळी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. मुख्य विंडोत क्यूलिस्टविजेट ही क्यूटीची तयार यादी ठेवलीय. प्रत्येक ओळीत मुखपृष्ठाचं छोटं चित्र, पुस्तकाचं नाव, लेखक आणि 'द्या' असं बटण. थोड्या पुस्तकांवर चाचणी घेतली तेव्हा सगळं छान चालत होतं. खरी नोंद भरल्यावर मात्र विंडो उघडायला मिनिटाच्या वर वेळ लागतो आणि मेमरी फुगत जाते. शोधाच्या चौकटीत टाइप केलेलं अक्षरही उशिरा उमटतं. रॅम वाढवून घ्यावी, की शंभर-शंभर पुस्तकांची पानं पाडावीत? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दोन्ही नको. रॅमचे पैसे वाचनालयाने पुस्तकांवरच खर्च करावेत. आणि पानं पाडलीत तर काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दिवसभर 'पुढे', 'मागे' दाबत बसावं लागेल.

आधी हिशेब मांडू. पुस्तकाचं नाव आणि लेखक मिळून साधारण साठ अक्षरचिन्हं धरली आणि पायथन देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट घेतो हे लक्षात घेतलं, तर वरचा सगळा खर्च धरूनही तुमची पूर्ण यादी वीस-पंचवीस एमबीत बसते. आजच्या कुठल्याही जुन्या कॉम्प्युटरला हे जड नाही. जड झालंय ते ओळीत बसवलेलं सामान. सेटआयटमविजेट वापरून तुम्ही प्रत्येक ओळीत एक डबा, त्यात तीन लेबलं आणि एक बटण घातलंत, म्हणजे ओळीमागे पाच विजेट्स, पडद्यावरचे पाच स्वतंत्र घटक. ६०,००० ओळींची ३,००,००० विजेट्स झाली. त्या प्रत्येकाची जागा, फॉण्ट, स्टाइल हे सगळं क्यूटीला सांभाळावं लागतं, आणि त्यातली पंचवीसेक ओळींचीच विजेट्स डोळ्यांसमोर असतात. मोठ्या यादीत हेच एक पक्कं धरून चाला: काम विंडोच्या उंचीइतकं व्हावं, डेटाच्या लांबीइतकं होऊ नये.

त्यासाठीच क्यूटी ४ मध्ये, म्हणजे २००५ साली, मॉडेल (डेटा पुरवणारा भाग) आणि व्ह्यू (तो पडद्यावर दाखवणारा भाग) वेगळे झाले. क्यूलिस्टविजेट काढा, क्यूलिस्टव्ह्यू घ्या आणि क्यूअ‍ॅब्स्ट्रॅक्टलिस्टमॉडेलवरून स्वतःचं मॉडेल लिहा. त्यात दोनच फंक्शन्स लागतात. रोकाउंट सांगतं किती ओळी आहेत. डेटा सांगतं अमुक ओळीत काय आहे. व्ह्यू रंगवताना दिसणाऱ्या ओळींपुरतंच विचारतो. चित्र आणि दोन ओळींचा मजकूर रंगवायला क्यूस्टाइल्डआयटमडेलिगेट वापरा, एकच डेलिगेट सगळ्या ओळी रंगवतो. 'द्या' बटण मात्र मी ओळीत ठेवणारच नाही. निवडलेल्या पुस्तकाचा तपशील उजवीकडे एका पट्टीत दाखवा, तिथे एक मोठं बटण द्या आणि एंटरलाही तेच काम लावा. समोर वाचक ताटकळत असताना साठ हजार छोट्या बटणांपेक्षा एक मोठं बटण हाताला लवकर सापडतं.

एवढं केल्यावरही पुष्कळांची यादी सावकाशच उघडते, आणि मग लोक मॉडेल-व्ह्यूलाच नावं ठेवतात. कारण असं असतं: कुठली ओळ कुठे येणार हे ठरवायला क्यूलिस्टव्ह्यू प्रत्येक ओळीची उंची विचारतो. म्हणजे ओळीचं माप सांगणारं साइझहिंट फंक्शन ६०,००० वेळा, आणि ते उत्तर काढताना तुमचं पायथनमधलं डेटा फंक्शन त्याच्या कितीतरी पट वेळा चालतं. सेटयुनिफॉर्मआयटमसाइझेस चालू केलंत की तो एका ओळीची उंची मोजून तीच सगळ्यांना लावतो. कोडमधली ही एक ओळ विसरू नका.

पण त्यात आपल्या लिपीपुरती एक मेख आहे. मोजलेली ओळ नेमकी इंग्रजी पुस्तकाची निघाली आणि देवनागरी वेगळ्या फॉण्टमधून येत असेल, तर 'मूर्ती'ची वेलांटी आणि रफार वरून, किंवा दीर्घ ऊकार खालून छाटला जातो. मराठी वाचनालयाच्या पडद्यावर छाटलेल्या मात्रा मला अजिबात सहन होत नाहीत. उंची नशिबावर सोडू नका. डेलिगेटच्या साइझहिंटमध्ये देवनागरी फॉण्टची मापं घेऊन, थोडी मोकळी जागा ठेवून, एक ठरलेली उंची परत करा.

डेटा फंक्शनकडे आता बारकाईने बघा. त्यात एक मोजणी लावा, यादी वरून खाली ओढा आणि आकडा छापून घ्या. एका ओळीसाठी ते एकदाच चालत नाही. मजकूर, चित्र, फॉण्ट, रंग, पार्श्वभूमी, अलाइनमेंट, चेकबॉक्स अशा प्रत्येक रोलसाठी वेगळी विचारणा येते. म्हणून नको असलेल्या रोलला फंक्शनच्या पहिल्याच ओळीत नन, म्हणजे 'काही नाही', परत करा. आणि डेटाच्या आत एसक्यूएल चालवायचं नाही, फाइल उघडायची नाही. तिथे काही मिलिसेकंद जरी अडकलात, तरी स्क्रोल करताना हाताला धक्का जाणवतो.

मुखपृष्ठाचं चित्र तयार असेल तर द्या, नसेल तर कोरी चौकट द्या आणि मागणी मुख्य कामाला न अडवता वेगळ्या थ्रेडमध्ये कामं करणाऱ्या क्यूथ्रेडपूलकडे टाका. तिथे क्यूइमेजरीडरला सेटस्केल्डसाइझने आधीच छोटा आकार सांगा, म्हणजे मोठं चित्र पूर्ण उघडून मग लहान करण्याची मेहनत वाचते. दुसऱ्या थ्रेडमध्ये क्यूइमेजच वापरा, क्यूपिक्समॅप मुख्य थ्रेडमध्ये बनवा. चित्र आलं की त्या एका ओळीपुरता डेटाचेंज्ड सिग्नल पाठवा. तयार चित्रं साठवून ठेवणाऱ्या क्यूपिक्समॅपकॅशची मुळातली मर्यादा सुमारे १० एमबी असते, छोट्या चित्रांना ती बरीच पुरते. कमी पडली तर वाढवा.

शोधाचं दुखणं वेगळं आहे. यादी गाळून दाखवणारं क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल लावून त्यात पायथनचं फिल्टर लिहिलंत, तर प्रत्येक अक्षरागणिक ६०,००० वेळा क्यूटी आणि पायथनमधला उंबरा ओलांडावा लागतो. हे काम एसक्यूलाइटला करू द्या, तो त्यासाठीच आहे. टाइप करणारा हात थांबेपर्यंत थोडं थांबा, २०० मिलिसेकंदांचा एक टायमर पुरतो. मग क्वेरी चालवा आणि बिगिनरीसेटमॉडेल-एंडरीसेटमॉडेलच्या मध्ये नवी यादी ठेवा. मात्र एक नवं पुस्तक दाखल झालं म्हणून रीसेट करू नका, तिथे बिगिनइन्सर्टरोज वापरा. रीसेटने निवड पुसली जाते.

शोधासाठी टेबलात एक वेगळा रकाना करा. कोणी 'कऱ्हाड'मधला अर्धा र नुक्त्याच्या 'ऱ' ने टाइप करतो, कोणी साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला वेगळे. त्या रकान्यात 'ऱ' चा 'र' करा, अदृश्य चिन्हं काढून टाका, आणि शोधायला आलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया करा. पुस्तक कपाटात असून 'नाही' असं उत्तर देणारा प्रोग्रॅम संथ प्रोग्रॅमपेक्षाही वाईट.

राहिला पानांचा मुद्दा. क्यूटीत कॅनफेचमोअर-फेचमोअर अशी लागेल तेवढंच आणण्याची सोय आहे, क्यूएसक्यूएलक्वेरीमॉडेल एसक्यूलाइटकडून २५६-२५६ ओळी तशाच उचलतं. पण मग स्क्रोलबार खरं सांगत नाही. खाली जावं तसतसा तो दांडा लहान होत जातो, आणि एंड दाबलं तर यादीच्या शेवटी न जाता आणलेल्या तुकड्याच्या शेवटी थांबतो. डेटा दूरच्या सर्व्हरवर असेल तर ही सोय घ्यावी. तुमचा तर त्याच कॉम्प्युटरवर आहे.

प्रश्न : लिनक्सवर जीटीके ४ या विंडो बनवण्याच्या संचात फोटोंची यादी केलीय, जीटीकेलिस्टव्ह्यू आणि सिग्नललिस्टआयटमफॅक्टरी वापरून. वेग उत्तम आहे, पण भराभर स्क्रोल केलं की भलत्याच नावाशेजारी भलताच फोटो येतो. — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आलं तेव्हापासून लिस्टव्ह्यू हा मोठ्या याद्यांचा रस्ता आहे, जुना ट्रीव्ह्यू तर ४.१० पासून निवृत्तीला लावलाय. तुम्ही योग्यच घेतलंत. लिस्टव्ह्यू थोडीशीच ओळ-विजेट्स बनवतो आणि तीच फिरवून वापरतो, लग्नातली ताटं पुढच्या पंगतीला वापरतात तशी. तुमच्या फॅक्टरीच्या चार सिग्नलांपैकी सेटअपमध्ये ताट येतं, बाइंडमध्ये वाढलं जातं, अनबाइंडमध्ये विसळलं जातं, टिअरडाउनमध्ये उचलून ठेवलं जातं. तुमचं अनबाइंड बहुधा रिकामं आहे.

नेमकं होतं असं: ओळीत पहिला फोटो मागवला, तो यायच्या आत ती ओळ वर सरकून गायब झाली आणि खालून दुसऱ्या फोटोसाठी परत आली. आता पहिला फोटो उशिरा पोचतो आणि दुसऱ्याच्या जागी बसतो. अनबाइंडमध्ये जीकॅन्सलेबलने ती मागणी रद्द करा आणि बाइंडमध्ये जोडलेले सिग्नल तोडा. शिवाय फोटो हातात आल्यावर लिस्टआयटमच्या गेटआयटमने विचारा की ओळीत अजून तोच फोटो आहे का. नसेल तर सोडून द्या. बाइंडमध्ये प्रत्येक गोष्ट भरा, रिकामी असली तरी रिकामी म्हणून भरा, नाहीतर आधीच्याचं नाव तसंच राहतं.

जाता जाता: लिस्टव्ह्यू थेट स्क्रोल्डविंडोतच ठेवा. मध्ये बॉक्स घातला तर आपला किती भाग दिसतोय हे त्याला कळेनासं होतं.

प्रश्न : जावाच्या स्विंग या विंडो-संचात जेलिस्ट ही यादी आहे, मॉडेलही स्वतःचं लिहिलंय. तरी मोठी यादी उघडताना विंडो गोठते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : सेटप्रोटोटाइपसेलव्हॅल्यू लावा आणि त्यात सगळ्यात लांब नमुना द्या. नाहीतर जेलिस्ट प्रत्येक ओळ ती रंगवणाऱ्या रेंडररकडून मोजून घेतो. सेटफिक्स्डसेलहाइट एकट्याने भागत नाही. रुंदीसाठी तो पुन्हा सगळ्या ओळी मोजतोच, म्हणून उंची आणि रुंदी दोन्ही ठरवून द्या.