नव्या पॅरिशमध्ये गेलेल्या मुलीला पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. नव्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या समुदायात, रविवारची मिस्सा, ही आपली मुख्य उपासना, चुकवत नाहीस, पण मागच्या बाकावर बसतेस, कुणी ओळख विचारत नाही आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडतेस, असं लिहिलं आहेस. मग घरीच बायबल वाचलं आणि मोबाइलवर मिस्सा पाहिली तर काय बिघडलं, हा तुझा प्रश्न. तू मनापासून विचारलंस, म्हणून मीही आडपडदा न ठेवता सांगते.

घरातली प्रार्थना हवीच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडद्यावरची मिस्सा मोठा आधार देते. पण ज्याचे पाय चालतात त्याचं तेवढ्यावर भागत नाही. एकत्र जमणं हाच मुळी उपासनेचा भाग आहे. इ.स. १५५ च्या सुमारास ख्रिस्ती विचारवंत संत जस्टिन यांनी रोमच्या सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिलं. ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात, ते त्यात सांगितलं आहे. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी येतात, प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, प्रमुख उपदेश करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस पुढे आणला जातो. आपली मिस्सा आजही साधारण याच क्रमाने चालते. मला मात्र त्यातला शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे उपासनेत साहाय्य करणारे सेवक, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र केलेली भाकर आणि द्राक्षारस, घेऊन जातात आणि जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले यांच्यासाठी वापरलं जातं. गैरहजर माणूस आणि गरजू माणूस हे दोघंही पहिल्यापासून त्या उपासनेत धरलेले आहेत.

परगावाहून आलेली म्हणून तूही त्यांच्यातलीच. तेव्हा तुझी विचारपूस व्हायला हवी होती, ही तुझी अपेक्षा चुकीची नाही. पण ती पूर्ण व्हायची वाट पाहत बसू नकोस. ‘मला इथे कोण ओळखतं?’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेव आणि ‘आज इथे कोण आलेलं नाही?’ असं विचारायला लाग. आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूंनी दर रविवारी आणि बंधनकारक सणांना एक मिस्सा आपल्या पॅरिशच्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करायची असते. तसा चर्चचा कायदाच आहे. तुझं नाव अजून कुणाला माहीत नसेल, तरी त्या प्रार्थनेत तू आलीसच.

आता कामाचं बोलू. मिस्सा संपल्यावर दहा मिनिटं थांब. सुरुवात इतकीच पुरे. बाकांवर राहिलेली गीतांची पुस्तकं गोळा करणारं कुणी ना कुणी असतंच, त्याला हात दे. अशा कामात ओळखी आपसूक होतात.

तुझा आवाज चांगला आहे, म्हणून मिस्सेत बायबलमधले उतारे वाचणाऱ्या वाचकांच्या गटात नाव दे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ साली उपासनेवरचा दस्तऐवज काढला. लोकांनी समजून-उमजून, पूर्णपणे आणि सक्रियपणे भाग घ्यावा, हा त्याचा गाभा. वाचन ही त्यातली मोठी जबाबदारी आहे. उतारा सोमवारीच हाती घे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बसवलेली आहेत. पास्काकाळ, म्हणजे ईस्टरपासूनचे पन्नास दिवस, सोडला तर पहिलं वाचन बहुधा त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी, म्हणजे येशूच्या जीवनावरच्या उताऱ्याशी, जुळवून निवडलेलं असतं. म्हणून आधी शुभवर्तमान वाच, मग आपला उतारा. कोणत्या वाक्यावर जोर द्यायचा ते आपोआप कळेल. राजांची आणि गावांची अवघड नावं मोठ्याने म्हणून बघ. वाचनपीठाशी गेल्यावर ‘पहिलं वाचन’ हे शीर्षक वाचायचं नाही, थेट ग्रंथाच्या नावापासून सुरुवात करायची. शेवटचं वाक्य झालं की एक श्वास थांब, आणि मगच ‘प्रभूचा शब्द’ म्हण. घाईने वाचलेला यशया संदेष्ट्याचा उतारा ऐकून मला खरंच वाईट वाटतं. त्या ओळी ऐकायला कुणीतरी आठवडाभर कसलं कसलं ओझं वाहून आलेलं असतं.

आणि आजाऱ्यांकडे जा. १९७३ पासून ख्रिस्तप्रसाद वाटायची जबाबदारी सामान्य विश्वासूंवरही सोपवता येते, पण त्यासाठी रीतसर नेमणूक लागते. तू आधी नेमलेल्या माणसाबरोबर नुसती सोबत म्हणून जा. मिस्सा संपल्यावर लहानशा गोल डबीत ख्रिस्तप्रसाद घ्यायचा आणि थेट त्या घरी जायचं. वाटेत बाजारहाट नाही, गप्पा नाहीत. घरात छोट्या टेबलावर पांढरा कपडा अंथरायचा, मेणबत्ती लावायची, शुभवर्तमानातल्या चार ओळी वाचायच्या आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एकत्र म्हणायचं. गिळायला त्रास होत असेल तर अगदी लहान तुकडा द्यायचा, मागोमाग घोटभर पाणी. ख्रिस्तप्रसादाआधीचा तासाभराचा उपवास वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही, त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही नाही. ही सूट त्या घरातल्या सुनेला किंवा मुलीला आवर्जून सांग. रात्रभर जागलेली ती बाई बहुतेक वेळा उपाशीपोटी दाराआड उभी असते, आणि तिला कुणी विचारत नाही. प्रार्थना झाली की लगेच उठू नकोस. आजारी माणसाला चर्चची खबर हवी असते. कुणाचं लग्न ठरलं, गायकवृंदाने कोणतं गीत म्हटलं, हे सांगत बस. ते काम प्रार्थनेपेक्षा कमी समजू नकोस.

हळूहळू तुला पॅरिशमधली भांडणंही दिसतील. सणाच्या सजावटीवरून, माइकवरून, पदांवरून होतात. त्याने बिचकू नकोस. पहिल्या शतकात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण खाऊनपिऊन तृप्त व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. त्यावर प्रेषित पौलाने त्यांना खडसावलं होतं. हे दुखणं जुनं आहे. तुझ्या बाजूने एवढं कर: कुणाशी वितुष्ट आलं तर मिस्सेत एकमेकांना शांतीचं चिन्ह देण्याच्या वेळेपर्यंत ते ताणू नकोस, आधीच जाऊन बोल. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशूनेच सांगितलं आहे. पॅरिश परिषद सल्ला देणारी असते, शेवटचा निर्णय धर्मगुरूंचा असतो, हे ध्यानात ठेवून आपलं मत स्पष्ट मांड. पैशांचा हिशेब विचारायला संकोचू नकोस. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा, असं चर्चचा कायदाच सांगतो आणि प्रत्येक पॅरिशला वित्त समिती असणं बंधनकारक आहे.

एका बाबतीत मात्र मी कडक बोलणार आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवायला लागलीस तर मुलांच्या सुरक्षिततेचे धर्मप्रांताचे नियम आधी वाच. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटी थांबू नकोस, दुसऱ्या कुणाला थांबू देऊ नकोस. एखाद्या मुलाने कुणाच्या गैरवर्तनाबद्दल काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेव आणि तक्रार पोचव, मग समोरचा माणूस कितीही मानाचा असो. चर्चचं नाव राखायचं म्हणून गप्प बसणाऱ्यांनी मुलांचं आणि चर्चचं दोघांचं अपार नुकसान केलं आहे.

तुझ्या श्रद्धेला कधी कोरड पडेल. मिस्सेत मन लागणार नाही, प्रवचन डोक्यावरून जाईल. तेव्हाही जा. त्या दिवशी तुझ्या वतीने शेजारची म्हातारी प्रार्थना करेल; दुसऱ्या एखाद्या रविवारी तू तिच्यासाठी करशील. पापनिवेदनाला जायला महिनोन्‌महिने लावू नकोस. आणि फादरांनाही कधीतरी विचार, ‘फादर, तुम्ही कसे आहात?’ सगळे त्यांच्याकडे काही ना काही मागायलाच जातात.

येत्या रविवारी मिस्सेनंतर पॅरिश कार्यालयात जाऊन नाव, पत्ता नोंदव आणि तुझ्या भागातल्या छोट्या समुदायाची बैठक कधी असते ते विचारून घे. वाचकांच्या यादीत नाव लागलं की तारीख मला कळव. तो उतारा मीही काढून ठेवते, आणि शनिवारी रात्री फोनवर तू मला तो एकदा वाचून दाखव.

तुझी,
मावशी