पावसात अंगणात काळ्या चपट्या जळवा येतात, चावतात का? मीठ टाकलं तर जातील का?

त्या जळवा नाहीत. काळपट, चपटी, पाठीवर मधोमध फिकी रेघ, ही बिनशंखाची गोगलगाय आहे, लेविकॉलिस आल्टे. मूळची आफ्रिकेची. चावत नाही, रक्त पीत नाही.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी दादा दर पावसाळ्यात मिठाची बरणी घेऊन परसात उतरायचा. 'जळवा आहेत, पोरांच्या पायाला लागतील.' मी नाही म्हणायचे, पण धाकटीचं कोण ऐकतंय! मीठ पडलं की अंगातलं पाणी ओढलं जाऊन तो जीव आकसायचा, फेसाळ चिकटा सोडत बराच वेळ वळवळायचा. मला जेवण जायचं नाही. त्याच वाफ्यात आईने दसऱ्यासाठी लावलेला झेंडू आठवड्यात करपला. दादाने नाव मात्र त्यांच्यावर घातलं, रोपं त्याच खातात म्हणून.

एका रात्री बॅटरी घेऊन गेले. फुटक्या कौलाखाली बोटाएवढी एक होती. चमच्याने उलटी केली. पोटाखाली मधोमध जेमतेम ४-५ मिलिमीटरची पट्टी, तोच तिचा पाय. गोगलगाय नि पोटात पाय, अगदी शब्दशः. जळूला पाय नसतोच, दोन्ही टोकांना चिकटायच्या वाट्या असतात. पाय इतका अरुंद की अंगातलं पाणी कमी उडतं, म्हणून कोरड्या दिवसांतही मातीच्या भेगेत ती तग धरते. बाजूलाच अंडी होती, आरपार दिसणारी, माळेसारखी एकमेकांना जोडलेली, वर मातीचे ठिपके. नर-मादी एकाच अंगात, त्यामुळे प्रत्येकच अंडी घालू शकते. दादाला हाक मारून सगळं दाखवलं. 'असेल,' म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत बरणी.

तर मीठ नकोच. रात्री ओलं गोणपाट अंथरा, सकाळी त्याखाली जमलेल्या चिमट्याने उचला. झाडांना पाणी संध्याकाळी नको, सकाळी घाला. कुंड्यांखाली ओल राहू देऊ नका. कोवळी रोपं त्या खातात हे खरं आहे, तेवढं दादाचं बरोबर होतं.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: उघड्या हाताने धरू नका. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या यांच्या अंगात असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. परसातली पालेभाजी पान-पान धुऊन घ्या, मुलांना हात लावू देऊ नका.

दादा, तू वाचत असशील तर, झेंडू मिठानेच गेला होता.