नकलहेड घ्यावी की चीफ?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. १९४७ सालच्या दोन मोटारसायकली विकायला आहेत : हार्ले-डेव्हिडसनची ७४ घनइंची नकलहेड आणि तेवढ्याच इंजिनाची इंडियन चीफ. नकलहेडची किंमत बरीच जास्त सांगतात. संग्रहासाठी कोणती घ्यावी? अधूनमधून चालवायचीही आहे.

उत्तर : पुढे विकायची झाली तर नकलहेड, चालवायला चीफ. मात्र नकलहेडचे जादा पैसे असतात ते मूळ क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचे, म्हणून टाकीचा रंग बाजूला राहू द्या, आधी खाली वाकून इंजिन पाहा.

त्या काळात हार्ले चेसीवर गाडीचा नंबर टाकत नसे. तो इंजिनाच्या डाव्या बाजूला असतो आणि ४७एफएल (क्वचित ४७एफ) अशी त्याची सुरुवात हवी. नंबराखालचा पृष्ठभाग ओतकामाचा, खरबरीत असतो. तिथे घासून गुळगुळीत केलेलं दिसलं, तर जुना नंबर काढून नवा ठोकल्याचा दाट संशय धरा. मग आरसा धरून इंजिनाचं पोट पाहा. क्रँककेसच्या दोन्ही अर्ध्यांवर बेली नंबर असतात. ते एकमेकांशी जुळायला हवेत, वरच्या नंबराशी नव्हे. इथे भलेभले गोंधळतात. दोन्ही अर्धे कारखान्यात जोडीने बोअर केलेले असतात. वेगवेगळ्या इंजिनांचे जोडले की मेन बेअरिंगची रेषा चुकते. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर इंजिनाशी अक्षरन् अक्षर जुळेपर्यंत बयाणा देऊ नका. चेसीच्या नेकवर, म्हणजे पुढचा फोर्क जिथे बसतो तिथे, वेल्डिंग शोधा. चॉपरच्या (लांब फोर्कच्या, कापून बदललेल्या गाड्यांच्या) लाटेत अनेक नेक कापून कोन बदलले गेले.

चीफच्या चेसीवर नंबर असतो. १९४७चा ३४७ने सुरू होतो. तिचे झाकलेले मडगार्ड देखणे, पण खालच्या कडांना गंजतात आणि वर लांबी (पुट्टी) फासली जाते. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, जिथे धरणार नाही तिथे लांबी. मागचं चाक उचलून आडवं हलवा; खेळ लागला तर प्लंजरचे (मागच्या सस्पेन्शनचे) बुश गेलेत. चीफच्या साइड-व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या) इंजिनात तापलेला धूर सिलिंडरच्या ओतकामातूनच बाहेर जातो, त्यात मागच्या सिलिंडरला वारा कमी, म्हणून तोच आधी झिजतो. गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा.

प्लंजरमुळे चीफ खड्ड्यात कमी आपटते. नकलहेडला मागे सस्पेन्शन नाही, सगळी भिस्त सीटखालच्या स्प्रिंगवर. चीफचा थ्रॉटल बहुधा डाव्या हाताला असतो, तेव्हा पहिले काही दिवस रिकाम्या मैदानातच काढा.

प्रश्न : माझी नकलहेड महिनाभर उभी राहिली की सुरू करताना ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल फेकते. पंप बदलावा का?

उत्तर : एवढ्यात नको. तेलाची टाकी पंपापेक्षा उंच असते. पंपातली चेक-बॉल, म्हणजे इंजिन बंद असताना तेल अडवणारी गोळी, नीट बसली नाही, की तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. बॉल, स्प्रिंग आणि बैठक साफ करा. बैठकीवर खड्डे असतील तर ती घासून घ्या. तोवर सुरू करण्याआधी क्रँककेसचा प्लग उघडून तेल काढा, मोजा आणि तेवढंच टाकीत परत घाला. टाकी रिकामी दिसली म्हणून वरून नवं तेल भरलंत, तर इंजिन चालू होताच खालचं तेल टाकीत परत येईल आणि टाकी ओसंडेल.