अमेरिकेतल्या नॅसकार मोटार शर्यतींचा ड्रायव्हर रिचर्ड पेटीची २००वी जिंकलेली शर्यत एवढी गाजली का? शेवटच्या लॅपमध्ये तर सगळे हळूच चालले होते!

हळूच चालले होते हे खरं, पण निकाल त्याआधीच लागला होता.

४ जुलै १९८४, फ्लोरिडातलं डेटोना, फायरक्रॅकर ४००. अडीच मैलांच्या ट्रॅकवर १६० लॅप. मोजकेच लॅप उरले असताना मागे डग हेवरॉनची गाडी उलटली आणि पिवळा झेंडा निघाला, म्हणजे धोका आहे, गाड्या हळू चालवा असा इशारा. आता गंमत बघा. तेव्हाच्या नियमानुसार पिवळा झेंडा दिसला तरी फिनिश लाइनपर्यंत शर्यत चालूच राहायची. म्हणजे त्या लाइनवर जो पुढे, तोच विजेता, कारण नंतर ओव्हरटेक करायला बंदी. पेटी आणि त्याचा प्रतिस्पर्धी केल यारबरो दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं. यारबरो मागून वेग घेऊन पुढे सटकला, पण वळणावर त्याची गाडी किंचित वर सरकली आणि पेटीने आतली बाजू पकडली. गाड्या एकमेकींना घासत लाइनवर आल्या आणि पेटीची ४३ नंबरची गाडी जेमतेम पुढे निघाली. त्यानंतर यारबरोने कहरच केला: शर्यत संपली समजून एक लॅप आधीच पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) वळला आणि तिसरा आला! दुसरा क्रमांक हॅरी गँटला आयता मिळाला.

त्यात राष्ट्राध्यक्ष रेगन हजर. इंजिनं सुरू करण्याचा आदेश त्यांनी विमानातून फोनवर दिला आणि शर्यत चालू असतानाच ते डेटोनात उतरले.

पेटी १९९२ पर्यंत गाडी चालवत राहिला, पण २०१वा विजय काही मिळाला नाही. पिवळा झेंडा निघाल्यावरही लाइनपर्यंत शर्यत लावण्याचा तो धोकादायक प्रकार या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेने २००३ मध्ये बंद केला, आणि ते बरंच झालं.