प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते

प्रश्न: ताई, मी ख्रिस्ती आहे, साखरपुडा झालाय, लग्नापर्यंत थांबायचं आम्ही दोघांनी ठरवलंय पण रात्री मोबाईल हातात आला की मन भरकटतं आणि मग प्रार्थनेलाही बसवत नाही.

उत्तर: अगं, लाज वाटते तेव्हाच तर प्रार्थना कर. प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, ६व्या अध्यायात, शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलंय, म्हणजे शरीर घाण नाहीये गं, फार मोलाचं आहे! आणि तिथेच तो मोहाशी झुंजत बसा असं सांगत नाही, सरळ पळा म्हणतो. म्हणून फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, खरंच फरक पडतो. कॅथलिक शिकवणीत तर शुद्धता लग्न झालेल्यांसाठीही आहे, तेव्हा ही संयमाची सवय लग्नानंतरही उपयोगी पडणारच. होणाऱ्या नवऱ्याशीही मोकळं बोल, त्यालाही हेच होत असेल.