पडदे घरी शिवले तर खरंच स्वस्त पडतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भाड्याच्या टू-बीएचकेमध्ये नुकतेच राहायला आलात, चार खिडक्या आणि गॅलरीचं एक दार अजून उघडंच आहे, पडद्याच्या दुकानातला आकडा ऐकून तसेच परत फिरलात. घरात सासूबाईंची काळी पायमशीन आहे आणि तुम्हाला सरळ टीप मारता येते. एवढ्या भांडवलावर पडदे शिवता येतील का, आणि पैसे वाचतील का?

शिवता नक्की येतील. पडद्यात सरळ टिपेशिवाय दुसरं काही नसतंच. ना गळा, ना बाही, ना मुंढ्याची भानगड. उशीचा अभ्रा शिवलेला माणूस पडदा शिवू शकतो. कष्ट आहेत ते कापड मोजण्यात, कापण्यात आणि इस्त्री करण्यात.

पैशांचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही. घरी मशीनवर बसून वाचते ती फक्त शिलाई. कापड जर तुम्ही दुकानातून ‘पडद्याचं’ म्हणून मीटरवर घेतलंत, तर तयार पॉलिस्टर पडद्यांच्या जोडीएवढा खर्च सहज होतो, कधी त्याहून जास्तही. तयार माल शिवणारे तागेच्या तागे घाऊक भावाने उचलतात, त्या भावाला आपण चार मीटर घेऊन पोहोचणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की खिडकी पाच फुटी आणि दार सात फुटी अशा बाजारमापात बसत असेल आणि पॉलिस्टर चालत असेल, तर सरळ तयार पडदे आणा. मशीनवर बसायचं ते सुती पडदाच हवा असेल तर, किंवा खिडकीचं माप अडनिडं असेल तर, किंवा कापड घरातच पडून असेल तर. खरी बचत या शेवटच्या प्रकारात आहे.

आधी कपाट उघडा. डबल बेडची चादर बघा. 90 बाय 108 इंच हे अगदी नेहमीचं माप. ती 108च्या लांबीत मधोमध उभी कापली की 45 इंच रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात. सात फुटी पडदा म्हणजे 84 इंच, त्यात वरच्या पट्टीला 5 आणि खालच्या दुमडीला 5 धरले तर 94. म्हणजे एका चादरीत दाराचे दोन पडदे होऊन वर थोडं कापड उरतंच. बऱ्याच चादरींना कडेने टीप आधीच मारलेली असते, तेवढं काम आणखी कमी. सोबतच्या उशीच्या अभ्र्यांतून पडदे बांधायचे पट्टे निघतात. लग्नात आलेल्या आणि कधीच न अंथरलेल्या भडक चादरी बहुतेक घरांत असतात, त्यांचं याहून चांगलं काही होत नाही. फक्त नक्षीला वर-खाली दिशा असेल, म्हणजे मोर किंवा झाडं वगैरे, तर कापण्याआधी चादर उभी धरून बघा.

दुसरी साडी. नेहमीची सहावारी साधारण साडेपाच मीटर भरते. वरच्या हिशोबाने एक सात फुटी पडदा 94 इंचांचा, म्हणजे 2 मीटर 40 सेंटीमीटर. दोन पडदे गेले 4 मीटर 80 मध्ये, 70 सेंटीमीटर हातात उरले. साडीची मजा अशी की काठ दोन्ही उभ्या बाजूंना आपोआप येतात, त्यामुळे बाजू दुमडायच्याच नाहीत. निम्मी शिलाई तिथेच वाचली. नऊवारी असेल तर तिच्यात तीन पडदे बसतात. पदर एका पडद्याला खाली येतो आणि दुसऱ्याला येत नाही, हे आवडत नसेल तर पदर बाजूला काढून त्याची उशीची कव्हरं शिवा. फॉल आधी उसवून टाका, नाहीतर धुतल्यावर तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात.

साडी कापण्यापूर्वी ती खिडकीशी उजेडात धरून घडी न् घडी तपासा. जिथे कापड विरलंय तिथून चाळणीसारखा उजेड येतो. जुनी रेशमी साडी नेहमी घडीवर विरते, आणि उन्हात टांगली की उरलासुरला जीवही जातो. त्यामुळे पडद्याला सुती किंवा सिंथेटिक साडीच घ्या. पैठणीचा पडदा फोटोत छान दिसतो, पण पश्चिमेच्या खिडकीत टांगू नका, एवढंच सांगेन.

घरात यातलं काहीच नसेल आणि कापड विकतच आणायचं असेल, तर पडद्यांच्या शोरूममध्ये न जाता कापडबाजारात जा. पुण्यात रविवार पेठेतलं कापडगंज, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट. तिथे ‘पडद्याचं कापड’ मागू नका. मांजरपाट, केसमेंट (घट्ट विणीचं साधं सुती कापड) किंवा जाड सुती शीटिंग, म्हणजे चादरीचं कापड, मागा. हाच माल पडद्याच्या नावाने मांडला की भाव चढतो. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथल्या यंत्रमागांवर निघणारं साधं कापड आपल्याकडे सगळ्या लहान गावांतही पोहोचतं, त्यामुळे पुण्या-मुंबईत नसाल तरी अडणार नाही. कटपीसच्या दुकानात एकाच रंगाचा चार-पाच मीटरचा तुकडा हाती लागला तर नशीबच. आणि भावाच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 36 इंची पन्ह्याचं कापड मीटरला स्वस्त वाटतं, पण पडद्याला जोड द्यावा लागतो आणि स्वस्ताई तिथेच संपते. 48चा पन्हा सोयीचा.

आता हिशोब. माप खिडकीचं घ्यायचं नाही, रॉडचं घ्यायचं. रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर आणि वर चार-सहा इंच असेल तर कडेने उजेड शिरत नाही आणि पडदा उघडल्यावर खिडकी पूर्ण मोकळी होते. चार फुटी खिडकीला रॉड झाला पाच फुटी. पडदा ओढल्यावर चुण्या दिसायला कापडाची एकूण रुंदी रॉडच्या दीडपट ते दुप्पट लागते. कापड जाड असेल तर दीडपट पुरे, झिरझिरीत असेल तर दुप्पट. 48 पन्ह्याच्या दोन पट्ट्या, बाजू दुमडून प्रत्येकी 46 इंच, मिळून 92 झाल्या. साठ इंची रॉडला दीडपट बसली. लांबी पाच फूट धरली तर 60 अधिक वरचे 5, खालचे 5 आणि आटण्याचे 3, असे 73 इंच. दोन पट्ट्यांना पावणेचार मीटर, चार घ्या. समजा कापड 150 रुपये मीटर मिळालं, तर खिडकीमागे 600 रुपये. मोठी नक्षी असेल तर दोन्ही पडद्यांवर ती एकाच उंचीला यावी म्हणून आणखी अर्धा-पाऊण मीटर लागतं. बजेट आवळून असेल तर साधा रंग किंवा उभे पट्टे घ्या.

गॅलरीच्या दारात लोक नेहमी फसतात. सरकतं दार सहा फुटी असेल तर रॉड सात फुटी होतो, आणि त्यावर दोनच पट्ट्या टाकल्या तर पडदा ओढल्यावर वाळत घातलेल्या धोतरासारखा ताणलेला दिसतो. तिथे किमान तीन, जमलं तर चार पट्ट्या हव्यात. म्हणून त्या दाराला चादरीच वापरा, दोन सारख्या चादरींत चार पट्ट्या होतात.

सुती कापड कापण्याआधी धुवाच. रात्रभर पाण्यात ठेवा, पिळू नका, निथळून वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवलेला पडदा दोन इंच आखूड झाला की तो आखूड विजारीसारखा लटकतो.

कापताना दुकानदाराने फाडलेली किंवा कापलेली कड सरळ आहे असं समजू नका. साध्या विणीच्या कापडात कडेपाशी छोटी चीर द्या, एक आडवा धागा चिमटीत धरा आणि हळूहळू ओढा. कापडात त्या धाग्याची बारीक रेघ उमटते. मध्येच तुटला तर तिथवर कापा आणि पुढचं टोक पुन्हा पकडा. कंटाळवाणं काम आहे, पण या रेघेवर कापलेला पडदा सरळ पडतो. पट्टीने आखून कापलेला पडदा धुतल्यावर एका कोपऱ्यात झोळ देतो आणि मग तो कशानेच जात नाही. उभी किनार फार घट्ट असेल तर तिला थोड्या थोड्या अंतरावर तिरपी चीर द्या किंवा कापूनच टाका, नाहीतर तीही कापडाला ओढून धरते.

आता मशीन. मधल्या जाडीच्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, जाड कापडाला 16, झिरझिरीत कापडाला 11. सुई नवी घाला, दहा-वीस रुपयांत काम होतं. टाका थोडा मोठा ठेवा, तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्याने लांब टीप गोळा होते. जुन्या काळ्या मशीनला उलटी टीप नसेल तर शेवटी कापड फिरवून इंचभर परत या, किंवा दोन्ही दोरे गाठ मारून कापा. नेटसारखं कापड मशीनच्या दातांत सरकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी घालून शिवा आणि नंतर फाडून काढा.

क्रम असा ठेवा. आधी दोन्ही बाजू, अर्धा इंच दुमडून परत अर्धा इंच. मग वरची बाजू. खालची दुमड शेवटी, आणि तीही पडदा रॉडवर एक-दोन दिवस टांगून, टाचण्या लावून, लांबी ठरवल्यावर. कापड स्वतःच्या वजनाने थोडं उतरतं, आणि भाड्याच्या घरातली जमीन सगळीकडे सारख्या पातळीत असेलच असं नाही. खाली चार इंचांची दुमड ठेवा. अर्ध्या इंचाच्या दुमडीचा पडदा वाऱ्याबरोबर उडत राहतो आणि स्वस्तातला दिसतो. शिवाय पुढच्या घरात खिडकी मोठी निघाली तर उसवून लांबवता येतो, भाडेकरूला हे महत्त्वाचं.

वरच्या बाजूला दोन पर्याय. सगळ्यात स्वस्त म्हणजे नेफा, परकराला असतो तसाच. एक इंची रॉडला दोन-सव्वादोन इंचांचा नेफा पुरतो, खर्च शून्य. पण तो रॉडवर अडखळत सरकतो, म्हणून जिथे पडदा रोज उघड-बंद करायचा नाही तिथेच करा. हॉल आणि बेडरूमला रिंगा लावा, म्हणजे वरच्या पट्टीला भोकं पाडून त्यात बसवायची कडी. वरच्या पट्टीत चार इंची बक्रम (कडक कापडाची पट्टी) घालून शिवा, नाहीतर रिंगांमधलं कापड मान टाकतं. रिंगा नेहमी सम संख्येत, म्हणजे पडद्याची दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. 46 इंची पट्टीला आठ : पहिली आणि शेवटची कडेपासून दोन इंचांवर, बाकीच्या सहा-सहा इंचांवर, हिशोब बरोबर बसतो. दाबून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या रिंगा घरी हातानेच लागतात. भोक आतल्या कड्याच्या मापाने आखा आणि आधी चिंधीवर करून बघा, कारण मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. आणखी एक, रिंगांचा पडदा रॉडच्या वर सव्वा-दीड इंच उभा राहतो, लांबी मोजताना तेवढं धरा.

घरमालक भिंतीला ड्रिल मारू देत नसेल तर खिडकीच्या खाचेत अडकणारी स्प्रिंगची दांडी मिळते. तिच्यावर हलका सुती पडदा, नेफा करून. अस्तराचा जड पडदा तिच्यावर टांगलात तर मध्यरात्री दांडीसकट खाली येईल.

पश्चिमेच्या खिडकीला आतून मांजरपाटाचं अस्तर द्या. एप्रिल-मेच्या उन्हात रंग अस्तराविना दोन उन्हाळे टिकला तरी खूप. अस्तर पडद्यापेक्षा इंचभर आखूड ठेवायचं आणि वरच्या पट्टीतच धरायचं, बाजूंना शिवायचं नाही. दोन्ही कापडं वेगवेगळी आटतात, बाजूंना बांधली की एकमेकांना ओढतात. कोकणात किंवा समुद्राजवळ असाल तर पावसाळ्यात जाड सुती पडद्याला भुरी धरते, तिथे मी पातळ सुती किंवा सरळ पॉलिस्टर घेईन. आणि स्वयंपाकघरात गॅसच्या जवळच्या खिडकीला कुठल्याच कापडाचा लांब पडदा नको. खालच्या अर्ध्या काचेपुरता सुती तुकडा, तोही शेगडीपासून लांब असेल तरच.

सुरुवात याच छोट्या अर्ध्या पडद्याने करा किंवा बाथरूमच्या झरोक्याने. जुन्या मशीनचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, कसा आहे, दोरा तुटतो का, खालून जाळं होतं का, हे तिथेच कळेल. मशीन बरेच दिवस बंद असेल तर आदल्या रात्री तेल घालून ठेवा आणि सकाळी फडक्यावर भरपूर टिपा मारा, नाहीतर पहिल्याच पडद्यावर तेलाचे डाग पडतील. गॅलरीच्या दाराचा रॉड नक्की किती फुटी बसतोय ते खाली लिहा, चादरी किती लागतील ते काढून देते.